नाव झाका, निकाल नको

कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारीचं काय झालं, असं विचारलं की कंपन्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६ पुढे करतात आणि मोकळ्या होतात.

कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार, चौकशी सगळ्यांवर पांघरूण घालतं. त्याचं परंतुक मात्र सोयीस्करपणे वगळलं जातं: तक्रारदार आणि साक्षीदारांची ओळख न देता, मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते.

अशाच छळाच्या ‘पी विरुद्ध ए’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी २४ सप्टेंबर २०२१ रोजी आणखी जाड पांघरूण घातलं. सुनावणी बंद दाराआड, निकाल संकेतस्थळावर नाही, आणि परवानगीशिवाय पक्षकारांनी माध्यमांना काही सांगायचं नाही. हेतू चांगलाच. पण जिच्या रक्षणासाठी हे सारं, त्या तक्रारदार स्त्रीलाही बोलण्याआधी न्यायालयाला विचारावं लागावं?

आता ब्रिटनची रोजगार न्यायाधिकरणं पाहा. फेब्रुवारी २०१७ पासून त्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कंपनीचं नाव टाका, तिच्याविरुद्धचे निकाल समोर. लैंगिक गैरवर्तनाच्या दाव्यात नावं छापायला बंदी घालता येते, पण १९९६ च्या कायद्यानुसार ती निकाल जाहीर होईपर्यंतच. पुढेही नाव झाकायचं तर वेगळा आदेश मिळवावा लागतो. नुसती अब्रूची भीती पुरत नाही, ठोस पुरावा लागतो. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेला मात्र आजन्म संरक्षण. म्हणजे पडदा मागणाऱ्याने कारण द्यायचं. आपल्याकडे पडदा आधीच पडलेला, कारण द्यायचं ते उघडणाऱ्याने.

तिथेही दाद मागणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव पुढच्या मालकाला सहज सापडतं. तेवढा भाग उचलू नये.

धंद्याची काळजी वाहून पडदा टाकण्यात मुंबई उच्च न्यायालय मात्र जुनंच. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराच्या धंद्याला झळ नको म्हणून न्या. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापायला मनाई केली. हेच तारकुंडे पुढे नागरी स्वातंत्र्याचे कैवारी! या मनाईविरुद्ध पत्रकार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी त्यांची याचिका फेटाळली. एकटे हिदायतुल्ला वेगळे राहिले.

‘पी’ आणि ‘ए’ ही अक्षरं ओळख लपवायला पुरेशी आहेत. उच्च न्यायालयाने तीच वापरून असे निकाल संकेतस्थळावर टाकावेत.