मागणीपत्राची पोच

'युनियन' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यासमोर काय येतं? गेटवरच्या घोषणा, लाल झेंडे आणि बंद पडलेली मशीन्स. माझंही तसंच होतं. कॉन्व्हेंटची कृपा, 'मागणीपत्र' हा शब्दच मी गेल्या सुट्टीत पहिल्यांदा ऐकला. तोही बाबांनी त्यांच्या युनियनचं मागणीपत्र मला टाईप करायला बसवलं म्हणून!

जुना करार संपत आला होता. पगारवाढ, रात्रपाळी भत्ता, कॅन्टीन... प्रत्येक मागणीपुढे तिचं कारण. मी विचारलं, "बाबा, संपाची तारीख कुठे टाकू?" ते हसले. "अरे, ही तर बोलण्याची सुरुवात आहे. उद्या हे ऑफिसात द्यायचं, पोच घ्यायची. मॅनेजमेंट उत्तर देईल, मग टेबलावर बसायचं."

पण टेबलावर बसणार कोण? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता सांगते की अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करेल. तेवढा कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून वाटाघाटी परिषद. म्हणजे आधी मोजणी, मग मागणी!

चार वर्षं आपण स्ट्रेस-स्ट्रेन घोकतो, पण हा कागद कुणी दाखवत नाही, हे मला खटकतं. उद्या आपल्यातलेच काही जण टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. तेव्हा दोस्तहो, पोच द्यायला टाळाटाळ करू नका. आत कुणी घेतलं नाही, की तेच मागणीपत्र गेटवर घोषणा होऊन उभं राहतं.