जंताचे औषध देण्यापूर्वी

परसदारी कोंबड्या पाळणे हा आपल्या समाजातील अनेक घरांचा, विशेषतः घरातील भगिनींचा, जुना जोडधंदा होय. भांडवल थोडे, जागा घरचीच आणि गावरान पक्ष्याला गिऱ्हाईक बारमाही. तरीही वर्षअखेर हिशेब मांडला तर हाती फारसे उरत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे पिल्लांची मरतूक. तिच्यावर उपाय ठरलेला: दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणायची व अंदाजाने पाण्यात ओतायची. आमचा आक्षेप या सवयीला आहे.

पिल्लू मलूल झाले, पंख पाडून बसले, हगवण लागली की 'जंत झाले' असे ठरवून टाकले जाते. परंतु तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसत असेल तर ती बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस असते. तिचे कारण डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव आहे आणि त्यावर जंताचे औषध काडीचेही काम करीत नाही. तिथे अ‍ॅम्प्रोलियमसारखे वेगळे औषध, तेही ताबडतोब लागते. चुकीच्या बाटलीवर विसंबून दोन दिवस गेले तर खुराडे रिकामे होण्यास वेळ लागत नाही.

जंत मात्र सावकाश लुटतात. गोलजंताचे अंडे पोटात गेल्यापासून त्याची पूर्ण वाढ होण्यास पाच ते आठ आठवडे लागतात. या काळात पिल्लू खाते, पण अंगी लागत नाही. तुरा फिका पडतो, छातीचे हाड हाताला लागते. मेलेल्या पिल्लाचे आतडे चिरून पाहिल्यास शेवयांसारखे पिवळट पांढरे, दोन-चार इंच लांबीचे जंत सापडतात. विष्ठेत तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी समजावेत. मुंग्या, भुंगेरे टिपल्याने ते पोटात जातात. गोलजंतावर चालणारे पिपराझीन पट्टकृमीवर चालत नाही. म्हणजे जंत आहेत एवढे कळून भागत नाही, कोणते आहेत हेही कळावे लागते.

त्यासाठी ताजी विष्ठा पुडीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. पाच आठवड्यांच्या आतील पिल्लांत जंत असूनही विष्ठेत त्यांची अंडी दिसत नाहीत, कारण जंत अजून वाढलेले नसतात. अशा वेळी नुकतेच मेलेले पिल्लू सोबत न्यावे. औषधाचे प्रमाण पिल्लांचे वजन करून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. औषध पाण्यातून द्यायचे असल्यास आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवावे, म्हणजे सर्व पिल्ले ते लवकर पितात.

औषध देऊनही खुराडे ओले राहिले तर पैसा पाण्यात गेला म्हणून समजावे. दमट, उबदार जागेत विष्ठेतील अंडी दोन-तीन आठवड्यांत संसर्गास तयार होतात व ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. म्हणून तूस कोरडे ठेवावे, वरचेवर हलवावे, खराब झालेले काढून टाकावे. पाण्याची भांडी उंचावर ठेवावीत. मोठ्या कोंबड्या वरून धडधाकट दिसल्या तरी त्यांच्या पोटात जंत असू शकतात. शक्य तेथे पिल्ले वेगळी वाढवावीत.

आता व्यापाराची गोष्ट. औषध दिल्यावर काही दिवस त्याचा अंश मांसात व अंड्यांत राहतो. तेवढे दिवस पक्षी किंवा अंडी विकू नयेत. किती दिवस थांबायचे ते बाटलीवर पाहावे किंवा डॉक्टरांना विचारावे. सणाच्या तोंडावर भाव चढला म्हणून कालच औषध पाजलेला पक्षी आज बाजारात नेणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक होय, मग त्याला ती कधी कळो वा न कळो. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून देणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. लपविलेला दोष धान्यातला असो की कोंबडीतला, न्याय तोच.

दवाखान्याची एक फेरी मरतुकीपेक्षा स्वस्त पडते. बाटलीला हात घालण्यापूर्वी ती फेरी मारावी, एवढेच आमचे आपल्या भगिनींना व बांधवांना सांगणे आहे.