हबशी ही शिवी नाही

पोर उन्हातान्हात खेळून काळवंडलं की घरातलं कुणीतरी सहज बोलून जातं, "काय गं, अगदी हबशी झालीस!" सगळे हसतात. हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेला माणूस. एका जिवंत समाजाचं नाव आपण घरात शिवीसारखं वापरतो आणि तो समाज आपल्या शेजारी राहतो हे आपल्या गावीही नसतं.

सुरतेत राहणाऱ्यांना तर हे मुळीच शोभत नाही. तापीकाठचा किल्ला १७५९ साली इंग्रजांनी घेतला तो सिद्दींच्या हातून. आज आपण कारखान्यांमुळे ओळखतो ते सचिन १७९१पासून १९४८पर्यंत सिद्दी नबाबांचं संस्थान होतं. घराणं मुरूड-जंजिऱ्याचं, जो जंजिरा मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. पण नबाब होते म्हणून मान द्या, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक सिद्दींचे पूर्वज गुलाम, खलाशी, शिपाई म्हणून या किनाऱ्याला लागले. भरूचकडच्या रतनपूरला, गीरमधल्या जांबूरला त्यांची लेकरं आज गुजरातीच बोलतात. तरी त्यांना विचारतात, "तुम्ही कुठल्या देशाचे?" पर्यटकांपुढे धमाल नाचली तर टाळ्या, मैदानात धावली तर शाबासकी. वर्गात शेजारी बसली की मात्र केसांवरून, रंगावरून चिडवाचिडवी.

यावर हल्ली एक सोपा उपाय निघाला आहे: मुलांना स्वतःवर प्रेम करायला शिकवा. ऐकायला गोड आहे, पण जखम आपण करायची आणि मलम त्या पोराने स्वतःच लावायचं, हा कुठला न्याय? अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या दांपत्याने काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असं विचारल्यावर पुष्कळ मुलांनी गोरीकडे बोट दाखवलं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना असल्या संशोधनाचा आधार घेतला. निकाल काय दिला? पोरांनो, आरशात बघून हसा, असा नव्हे. काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणंच बेकायदा ठरवलं. बदलायचं होतं ते मोठ्यांना.

आता आपल्या जैनांचं बोलू. कुणी म्हणेल, शास्त्रातच कृष्णलेश्या सर्वांत वाईट आणि शुक्ललेश्या सर्वांत चांगली सांगितली आहे, मग रंगाला अर्थ नाही कसा? अहो, ती लेश्या भावांची. कातडीचा वर्ण येतो नामकर्माने, आणि आत्मा तर अरूपी. गोऱ्यापान माणसाची लेश्या कृष्ण असू शकते. पण पाठशाळेत जांभळीच्या झाडाचं चित्र लावतात, त्यात झाड मुळापासून तोडायला निघालेला माणूस पुष्कळदा काळ्या कातडीचा रंगवलेला असतो आणि खाली पडलेली फळं वेचणारा गोरा. पाच वर्षांच्या पोराला भाव आणि द्रव्य यांतला फरक काय कळणार? त्याला एवढंच दिसतं, की काळा तो दुष्ट.

आणि नेमिनाथ भगवान? त्यांचा वर्ण श्यामच सांगितला आहे, मुनिसुव्रतस्वामींचाही. गिरनार चढून आपण नेमिनाथांच्या काळ्या मूर्तीपुढे हात जोडतो आणि खाली उतरून सुनेसाठी 'उजळ' मुलगी शोधतो. उत्तराध्ययनातल्या हरिकेशी मुनींना काळे, कुरूप म्हणून यज्ञमंडपात हिणवलं. कथेत चुकलं कोण, हिणवणारेच ना? रूपाचा गर्व आठ मदांमध्ये मोजला आहे. तो आपण लग्नाच्या बायोडाटात छापून वाटतो.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली आणि २०२० साली तिच्या नावातला गोरेपणा गेला. आपल्या बोलण्यातला कधी जाणार? आमच्या सुरतेला आफ्रिकेच्या खाणीतला हिरा चालतो, तो घासून पैलू पाडण्यावर हजारो घरं चालतात. त्याच मातीतून आलेल्या माणसाचा रंग मात्र खुपतो.

जांबूरच्या हीरबाई लोबी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या पुरत नाहीत. 'काळी असली तरी मनाने चांगली' यातलं ते 'तरी' काढून टाका. पाठशाळेतलं ते चित्र उतरवा, सहाही माणसं एकाच रंगाची काढून नवं लावा. लेश्या त्यांच्या हातातल्या कामावरून समजावता येते. आणि घरात पुन्हा कुणी 'हबशी' म्हणून हसलं, तर वडीलधारं माणूस असलं तरी तिथल्या तिथे टोका. पोरांच्या देखत टोका.