कवळीचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दातांच्या कवळीवर लेख लिहावा, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या आज्जीची वरची कवळी तीन वर्षांत तीनदा मोडली आणि तिन्ही वेळा पैसे भरायला मीच गेलो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मलाही आहे, असे मी समजतो.

कवळी मोडली की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" आज्जीने खाल्ला होता दहीभात! मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. ॲक्रिलिक रेझीनची वरची कवळी सहसा एका घासाने मोडत नाही. दात गेल्यावर हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, टाळूचा मधला भाग मात्र तसा झिजत नाही. मग दगडावर ठेवलेल्या फळीसारखी कवळी त्या मधल्या उंचवट्यावर डुलू लागते आणि प्रत्येक घासाला केसभर वाकते. ओठाच्या आतल्या घडीसाठी पुढे जी खाच ठेवलेली असते, तेथे बारीक चीर पडते. ती वाढत वाढत जाऊन एके दिवशी मऊ भातावरही बरोबर मधोमध दोन तुकडे होतात. धुताना हातातून निसटून कवळी फुटते तो प्रकार निराळा. त्याला खाली पाण्याने भरलेले पातेले ठेवले की काम भागते.

ॲक्रिलिक या कामी 1937 च्या सुमारास आले. त्यापूर्वी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या असत. त्या रबराच्या पेटंटची फी कंपनी इतक्या सक्तीने वसूल करी, की 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला गोळी घालून ठार केले. (व्यापारी कायद्याच्या तासाला हे कोणी सांगेल तर मागच्या बाकावरही कोणाला डुलकी लागणार नाही.) ॲक्रिलिक आले ते हलके, हिरडीसारखे गुलाबी आणि घडवायला सोपे, ठिसूळपणा तेवढा राहिला.

मोडलेली कवळी सांधून देताना पुष्कळदा आत पोलादी तार घालतात. तार दिसली की गिऱ्हाइकाचे समाधान होते. पण साधी तार आणि रेझीन एकमेकांना नीट धरत नाहीत. उलट तारेभोवतीच ताण साठतो. सांधासुद्धा मूळ रेझीनइतका पक्का नसतो, म्हणून कवळी बहुधा पुन्हा तेथेच जाते. याहून चांगले उपाय आहेत. काचेचे तंतू सिलेनचा लेप देऊन, रेझीनमध्ये भिजवून चिरेच्या आडवे बसवले, तर ते रेझीनला चिकटतात आणि चीर पुढे सरकू देत नाहीत. शिवाय दिसतही नाहीत. कार्बनचे तंतूही मजबूत, पण काळे, तेव्हा तोंडात कोण घालणार? रबराचे कण मिसळलेले, आघात सोसणारे रेझीनही मिळते. धातूचा टाळू सर्वांत भक्कम, पण महाग. मात्र कवळी डुलत असेल तर आधी ती हिरडीवर नीट बसवून घेतली पाहिजे. नाहीतर तंतू घालूनही काय उपयोग?

माझे म्हणणे एवढेच, की मजबुती मोडल्यानंतर नव्हे, पहिल्या दिवशीच द्यावी. आमच्या भाषेत तो भांडवली खर्च; पुन्हा पुन्हा सांधणे हा महसुली खर्च, आणि तो संपत नाही. निदान ज्यांचे खालचे दात अजून शाबूत आहेत आणि वरची कवळी त्यांचा मार खाते, त्यांना तरी दंतवैद्याने तंतूंचा वेगळा दर आधी सांगावा. निवड मग ज्याची त्याने करावी.

"गरिबाला एवढी महाग कवळी कशाला?" असे आमच्याच वर्गातील एका मित्राने विचारले. पण गरिबालाच पुन्हा पुन्हा येणे परवडत नाही. खेड्यातून बेळगावला यायचे म्हणजे दोघांचे बसभाडे, बरोबर आलेल्या मुलाचा बुडालेला रोज, आणि कवळी हाती येईपर्यंत आमटीत भिजवलेली भाकरी. लग्नकार्यात तोंडावर पदर धरून बसावे लागते ते वेगळेच. यातले काहीच बिलावर चढत नाही. मोफत शिबिरांतून कवळ्या वाटतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र किती वाटल्या या आकड्याशेजारी, दोन वर्षांनी त्यातल्या किती शाबूत राहिल्या हाही आकडा अहवालात छापावा.