सभागृहातील दिवे का लावले गेले?

नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला उत्तन-डोंगरीपासून भाईंदरपर्यंत दफनभूमींमध्ये मेणबत्त्या पेटतात, कबरी फुलांनी सजतात आणि एरव्ही एकमेकांची तोंडे न पाहणारी भावंडे आईबापांच्या कबरीपाशी शेजारी शेजारी उभी राहतात. अशाच एका नोव्हेंबरात आमच्या शहरातील एका धर्मग्रामाच्या सभागृहात युवक-युवतींनी, केवळ प्रौढांसाठी म्हणून, एक चित्रपट लावला होता. चित्रपटाचा विषय मरण, महिनाही मृतांचा. योजना उत्तम होती. दोन तासांचा तो चित्रपट सुमारे दीड तास चालला. मग एक जबाबदार गृहस्थ उठले, त्यांनी भिंतीवरची बटणे दाबली आणि सभागृहातील सारे दिवे लागले. "देवळाच्या आवारात हे चालायचे नाही," एवढेच ते म्हणाले. आम्ही सारे खुर्च्या आवरून निमूटपणे घरी गेलो. त्या निमूटपणे गेलेल्यांत मीही होतो. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आता लिहीत आहे.

चित्रपटाचे नाव 'डेड मॅन'. जिम जारमुश या अमेरिकन दिग्दर्शकाने तो १९९५ साली केला. घोडे, पिस्तुले आणि पश्चिमेकडील ओसाड प्रदेश म्हणजे ज्याला 'वेस्टर्न' म्हणतात त्या जातीचा हा चित्रपट. पण त्या जातीतील कोणताही नियम तो पाळत नाही. तो कृष्णधवल आहे. त्याचा नायक शूर नाही. क्लीव्हलंड शहरातील विल्यम ब्लेक नावाचा हा तरुण हिशेबनीस नोकरीचे पत्र खिशात घालून आगगाडीने 'मशीन' नावाच्या गावी जातो. आईबाप नुकतेच वारलेले, वाग्दत्त वधूने नाते मोडलेले, उरलेले पैसे तिकिटात गेलेले. कारखान्यात पोहोचतो तर जागा आधीच भरलेली. त्याच रात्री एका तरुणीच्या खोलीत तिचा पूर्वीचा प्रियकर येऊन गोळी झाडतो. ती गोळी तिच्या देहातून आरपार जाऊन ब्लेकच्या हृदयाशेजारी रुतते. तो उलट गोळी झाडतो, मारणारा मरतो, आणि आपला हिशेबनीस खुनी ठरून रानात पळतो. त्याच्या डोक्यावर बक्षीस लागते. उरलेला सारा चित्रपट म्हणजे या माणसाचे हळूहळू मरणे.

रानात त्याला 'नोबडी' भेटतो. नोबडी, म्हणजे 'कोणीच नाही'. हा अमेरिकेतील आदिवासी. आईबाप दोन वेगळ्या जमातींचे, म्हणून दोघांकडेही तो परकाच. लहानपणी गोऱ्या शिपायांनी त्याला धरून पिंजऱ्यातून इंग्लंडपर्यंत नेले, शाळेत घातले, आणि तेथे त्याला विल्यम ब्लेक या कवीची कविता सापडली. परत आल्यावर त्याच्या माणसांनी त्याला खोटारडा ठरवले. आता हा जखमी हिशेबनीस म्हणजे तोच मेलेला कवी, अशी त्याची श्रद्धा बसते. हा कवी १७५७ साली लंडनमध्ये जन्मला आणि १८२७ साली वारला. दैवी दर्शने पाहणारा आणि ती कोरून छापणारा कलावंत म्हणून जग त्याला ओळखते. चित्रपटातील हिशेबनिसाने मात्र त्याची एक ओळही वाचलेली नाही.

वाचकहो, या नोबडीला आपण ओळखत नाही काय? "तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे घरी इंग्रजीत बोलत असाल," असे आपल्याला भाईंदरच्या गाडीत शेजारचा प्रवासी विचारतो. आणि शहरातील आपलेच धर्मबंधू आपल्या मराठी प्रार्थनेकडे कौतुकाने, पण किंचित वरून पाहतात. दोन्ही घरांत पाहुणा असलेल्या माणसाचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज या भूमीत येऊन मराठीत रमला आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पडद्यावर याच घटनेचे उलटे रूप आहे: एक आदिवासी इंग्रज कवीच्या शब्दांनी एका मरणाऱ्या माणसाला धीर देतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की यात देव कोठे आहे? येशूचे चित्र नाही, देवदूत नाहीत, प्रार्थना नाही. मग हा आध्यात्मिक कसा? या आक्षेपामागे एक जुना गैरसमज आहे. पवित्र विषय असला की चित्रपट पवित्र होतो, असे आपण मानतो. ख्रिस्तसभेने मात्र असे कधी मानलेले नाही. १९९५ साली, म्हणजे नेमक्या 'डेड मॅन'च्याच वर्षी, चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली म्हणून व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'बेन हर' आहे. पण पाझोलिनी या नास्तिकाने १९६४ साली केलेला, संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील कृष्णधवल चित्रपटही आहे, आणि जॉन फोर्डचा १९३९ सालचा 'स्टेजकोच' हा चक्क वेस्टर्नही आहे. आपल्याच मुंबईत १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला. त्या दर्शनातून पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जन्मला. पडद्यावर काय आहे, याइतकेच पाहणाऱ्याच्या अंतःकरणात काय जागे होते, यालाही महत्त्व आहे.

आणि 'डेड मॅन'मध्ये जागे होण्याजोगे बरेच आहे. नोबडी ब्लेकचा चष्मा काढून घेतो. चष्म्याशिवाय तुला अधिक स्पष्ट दिसेल, असे त्याचे म्हणणे. दमास्कसच्या वाटेवर शौलाचे डोळे मिटले तेव्हाच त्याला दिसू लागले, हे आपण दरवर्षी ऐकतो. नोबडी त्याला अन्नावाचून रानात एकटे सोडतो, कारण दर्शन हवे असेल तर उपवास हवा. आपल्या प्रायश्चित्तकाळाची याहून सोपी शिकवण कोणती? भुकेला ब्लेक एका मेलेल्या हरणाच्या पाडसाशेजारी आडवा होतो, त्याचे रक्त आपल्या चेहऱ्याला लावतो आणि क्षणभर त्या मुक्या जीवाचा भाऊ होतो. रॉबी म्युलर या छायाचित्रकाराने टिपलेला तो करडा उजेड आणि नील यंग यांची एकट्याने गुरगुरणारी गिटार यांपुढे पुष्कळशी भक्तिगीते फिकी वाटतात, असे मी धाडसाने म्हणतो.

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो खरा आहे. यात माणसे पटापट मरतात, आणि एक भाडोत्री मारेकरी तर नरमांसभक्षक आहे. मुलांना हा चित्रपट दाखवू नये. ज्या तरुणीच्या देहातून ती गोळी जाते तिला दिग्दर्शकाने फार लवकर संपवले, अशी माझीही तक्रार आहे. परंतु येथील हिंसा मौजेची नाही. येथे पिस्तूल उडते ते अडखळत, आणि माणूस पडतो तो केविलवाणा. पाहणाऱ्याला टाळी वाजवाविशी वाटत नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवरील आदेशपत्रात सांगितले, की नीतीच्या मर्यादेत राहून केलेले दुष्टाचे चित्रण माणसाचे खोलवर ज्ञान करून देऊ शकते. १९९९ साली कलावंतांना लिहिलेल्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनीही असेच म्हटले, की आत्म्याच्या काळोखात उतरणारा कलावंतसुद्धा एका अर्थी तारणाच्या तळमळीलाच वाचा फोडत असतो. उलट, ज्यात नायक वीस माणसे मारून हसत घरी जातो असे रंगीत चित्रपट आपण रविवारच्या मिस्सेनंतर मुलाबाळांसह पाहतो. तेव्हा दिवे लावायला कोणी उठत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मनातला, आणि तोच खरा आहे. दिवे लागले ते नेमक्या कोणत्या प्रसंगी, हे आठवा. ब्लेक आणि नोबडी एका दुकानात येतात. तेथील दुकानदार धर्मप्रसारक आहे. त्याच्या ओठांवर प्रभूचे नाव आहे आणि नोबडीबद्दल मनात निव्वळ तिरस्कार. गोऱ्या गिऱ्हाइकाशी तो गोड बोलतो, आदिवासी गिऱ्हाइकाला तुच्छ लेखतो. शेवटी बक्षिसाच्या लोभाने तो ब्लेकवर उठतो आणि स्वतःच मरतो. हा प्रसंग सुरू झाला आणि सभागृहात चुळबुळ सुरू झाली. खून झाले तेव्हा दिवे लागले नव्हते. आपल्यातल्या एकाचे ढोंग दिसले तेव्हा ते लागले.

हा ख्रिस्तनिंदेचा प्रकार आहे काय? जुलै २०२२ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस आजारी गुडघ्यानिशी, चाकांच्या खुर्चीतून कॅनडाला गेले. मास्क्वासिस येथे क्री जमातीच्या भूमीवर त्यांनी आदिवासींवर अनेक ख्रिस्ती माणसांनी केलेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. त्या प्रवासाला त्यांनी प्रायश्चित्ताची यात्रा म्हटले होते. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, व्हॅटिकनने 'शोधाच्या हक्काचा सिद्धांत', म्हणजे शोधलेली भूमी शोधणाऱ्याच्या मालकीची ठरवणारी जुनी कल्पना, जाहीरपणे नाकारली. चित्रपटात नोबडी आपल्या लोकांशी बोलतो ती क्री आणि ब्लॅकफूट भाषा. आणि दिग्दर्शकाने त्या संवादांखाली भाषांतराच्या ओळी दिलेल्या नाहीत, कारण काही विनोद त्यांच्या माणसांसाठीच ठेवले आहेत. परमगुरूंनी जे पाप कबूल केले, ते पडद्यावर दाखवणाऱ्यावर आपण रागवावे हा कोणता न्याय? पापनिवेदनाच्या वेळी कोणी दिवे लावून पळून जात नाही.

परंतु माझे खरे दुःख याहूनही वेगळे आहे. दिवे लावल्यामुळे आम्ही पाप तेवढे पाहिले, होडी पाहिलीच नाही.

चित्रपटाच्या आरंभी, आगगाडीत, काजळीने माखलेला एक फायरमन ब्लेकशेजारी येऊन बसतो आणि होडीविषयी आणि रात्री आडवे पडून वर छत पाहण्याविषयी काहीतरी असंबद्ध बोलतो. त्याचा अर्थ अखेरीस कळतो. ब्लेकला आता उभे राहवत नाही. नोबडी त्याला समुद्रकाठच्या माका जमातीच्या गावात आणतो, देवदाराच्या लाकडाची होडी मिळवतो, तिच्यात त्याला निजवतो आणि तुला आता जेथून आलास तेथे परत जायचे आहे, असे सांगतो. प्रवासासाठी तंबाखूही ठेवतो. सबंध चित्रपटभर ज्याच्याकडे तंबाखू मागितली गेली आणि ज्याने दरवेळी आपण ओढत नाही असे सांगितले, तो ब्लेक मरतानाही तेच सांगतो. हसू येते आणि घसा दाटतो. त्या लोकांसाठी तंबाखू हे अर्पण आहे, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. आपला धूप बाहेरच्याला केवळ धूर वाटतो, तसे हे झाले. मग होडी लाटांवर निघते, आणि तो वर आकाश पाहतो.

उत्तनच्या, पालीच्या, चौकच्या माणसाला होडी म्हणजे काय हे मी सांगायला नको. समुद्रावर गेलेला बाप परतला नाही म्हणून किनाऱ्यावर जपमाळ म्हणणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. पूर्वी आपल्या गावठाणात माणूस घरातच जात असे; आळी रात्रभर जागत असे. आज मीरा रोडच्या इमारतींत शवपेटी लिफ्टमध्ये मावत नाही, आणि मरण इस्पितळाच्या काचेआड उरकले जाते. माझे वडील गेले तेव्हा शेवटचे तीन आठवडे आम्ही सारी मुले त्यांना "तुम्ही बरे व्हाल" असेच सांगत होतो. त्यांना सारे ठाऊक होते. आम्हांला ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक होते. आमच्या प्रेमळ खोटेपणाआड ते एकटे गेले. नोबडी ब्लेकशी एकदाही खोटे बोलत नाही. गोळी हृदयाशी आहे, ती निघणार नाही, असे तो आरंभीच सांगतो. आणि मग शेवटपर्यंत सोबत चालतो. शुभ मरणासाठी आपण संत योसेफाची विनवणी करतो. त्या विनवणीत काय मागायचे असते, ते मला या चित्रपटाने शिकवले.

कोणी म्हणेल, यात पुनरुत्थान नाही. खरे आहे. हा चित्रपट पवित्र शनिवारी थांबतो. ईस्टरची पहाट त्याने आपल्यावर सोपवली आहे, आणि ती आपल्यापाशी आहे. ज्याच्यापाशी पहाट आहे त्याने रात्रीला इतके घाबरावे काय?

या चित्रपटाला अमेरिकेतही नीट प्रेक्षक लाभले नाहीत. सुमारे ९० लाख डॉलर खर्चून तेथील चित्रगृहांतून त्याने जेमतेम १० लाख मिळवले. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नामांकित समीक्षकाने त्याला चारपैकी दीड तारा दिला. पुढे २००० साली जोनाथन रोझेनबॉम यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तेव्हा उशीर झाला म्हणून बिघडत नाही. माझी मागणी साधी आहे. येत्या नोव्हेंबरात तोच चित्रपट, त्याच सभागृहात, प्रौढांसाठी पुन्हा लावावा. ज्यांना उठून जायचे असेल त्यांनी खुशाल जावे. ज्या गृहस्थांनी दिवे लावले त्यांना मी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी जागा राखून ठेवीन. मात्र या वेळी होडी दृष्टीआड होईपर्यंत कोणी बटणाला हात लावू नये.