धवल्याची तबकडी

गेल्या माघात आमचा भाचा एक वही घेऊन घरी आला आणि म्हणाला, "मामा, आजीच्या धवल्यांचा अल्बम काढतोय. ताईच्या हळदीला लावायचा आहे. शब्द तेवढे शुद्ध करून द्या."

मराठीच्या प्राध्यापकाला कुणी आपण होऊन असे काम सांगितले म्हणजे त्याला कोण आनंद होतो, हे सांगायला नको. एरवी घरात भाजी कोणती आणावी याविषयीसुद्धा आमचे मत कुणी विचारीत नाही. मी चष्मा पुसला, तांबडी पेन्सिल काढली आणि वही पुढे ओढली.

'आजी' म्हणजे माझी मावशी. आमचे आजोळ धरमतरच्या खाडीकाठी आहे. आता पेणहून अलिबागला निघालेला प्रवासी वडखळला वळतो आणि पुलावरून अंबा नदीची ही खाडी मिनिटभरात ओलांडतो. खिडकीतून त्याला दिसतात त्या लोखंडाच्या कारखान्याच्या चिमण्या आणि खनिजाने भरलेले पडाव. पूल नव्हता तेव्हा इथे होडीतूनच पार व्हावे लागे, आणि मुंबईची आगबोटही या धक्क्याला लागे. जुन्या मराठीत 'तर' म्हणजे नदी उतरून जाण्याची होडी. ही तर कधी काळी कुणी धर्मादाय चालविली असावी, असे मानायला मला आवडते.

या खारेपाटातल्या आगरी समाजात लग्न लागते ते धवलारणीच्या तोंडून. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. माझी मावशी पन्नास वर्षे हे काम करीत आली आहे. तिला लिहिता येत नाही, पण लग्नात कोणत्या विधीमागून कोणता विधी येतो हे तिला विचारल्याशिवाय आमच्या गावातले पान हलत नाही.

तर मी ते धवले शुद्ध केले. 'न'चे 'ण' केले, 'ल'चे 'ळ' केले. एकच ओळ चार वेळा आली होती, तिथे तीन वेळा काट मारली. दोन ठिकाणी अर्थ लागेना, तिथे माझ्या पदरचे शब्द घातले. आठ दिवसांनी भाच्याने ती स्वच्छ प्रत मावशीला वाचून दाखविली. तिने डोळे मिटून सगळे ऐकले आणि मान डोलावली. "बेस हाय," ती म्हणाली. "कोनाचा गाना हाय ह्यो?"

वाचकहो, परीक्षेत नापास होणे म्हणजे काय, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

ती वही मी परत घेतली. त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. शिकायला शहरात आलो तेव्हा वर्गात उभे राहून कविता वाचताना मी 'पानी' म्हणालो होतो, आणि मागचे दोन बाक खो खो हसले होते. पुढे महिनाभर मी आरशासमोर 'ण' घोटला. तो इतका पक्का झाला की आईशी बोलतानाही तोंडातून 'ण'च निघू लागला. आई काही बोलली नाही. फक्त माझ्याशी थोडे कमी बोलू लागली. आणि आता उरण-पेणकडच्या मुलांच्या पेपरात 'हलद' दिसली की मीच तांबडी पेन्सिल उचलतो. मावशीच्या वहीवर मी जी चालविली ती नवी पेन्सिल नव्हती.

शब्द जसेच्या तसे ठेवायचे ठरले. पुढचा प्रश्न ध्वनिमुद्रणाचा होता. भाच्याने पेणमध्ये एका मित्राची खोली घेतली, भिंतींना गाद्या लावल्या, मावशीला खुर्चीवर बसविले आणि तिच्यासमोर यंत्र ठेवले. मावशीने इकडेतिकडे पाहिले.

"कोनाचा लगीन हाय?"

"कुणाचंच नाही आजी. नुसतं भरून घ्यायचंय."

"मंग हलद कोनाला लावू? या डब्याला?"

आम्ही खूप विनवण्या केल्या. लग्न नसताना धवला म्हणायचा नाही, यापलीकडे तिचे उत्तर नव्हते. शेवटी तिने खोलीतल्या साऱ्यांना चहा पाजायला लावला आणि ती परत गावी गेली.

भाचा वैतागला होता, पण मी मात्र वाटेत गप्प होतो. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा. तिचे 'धवळे' मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तेरावे शतक, महानुभाव पंथ, रुक्मिणीस्वयंवराचा विषय, दहा गुणांची टीप. हे धवळे तिने रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेत म्हटले, हेही मी दरवर्षी सांगतो. आता त्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. पण महदंबा एकांतात कागद घेऊन बसली नव्हती. समोर नवरदेव होता, मांडव होता, हळद होती, म्हणून ती गायली. विवाह लटका असेल, पण प्रसंग खरा होता. 'कोनाचा लगीन हाय' हा प्रश्न तिनेही विचारला असता. 'धवळे' आणि 'धवला' हा एकच शब्द आहे हे मला पाठ होते. ते कळले मात्र त्या दिवशी, पेणच्या बसमध्ये.

ध्वनिमुद्रण लग्नातच करायचे ठरले. मग तिसरा वाद निघाला, आणि त्यात मी उघडपणे भाच्याच्या विरुद्ध होतो. धवल्याखाली ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजविणार, असे तो म्हणत होता. मी म्हणालो, "परंपरेत भेसळ करू नकोस." तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुमच्या लग्नात बेंजो होता. तो कुठल्या परंपरेतला?"

आमच्याकडे वरातीला बेंजो पार्टी लागतेच. टंकलेखन यंत्रासारख्या बटणांचे, तारांचे ते वाद्य मला मांडवाइतकेच जुने वाटत होते. घरी जाऊन शोधले तो काय! ते मूळचे जपानी. 1912 साली नागोया शहरात त्याचा शोध लागला. आमच्या कीर्तनकारांच्या पुढ्यातली पेटी पॅरिसहून आली. तिचे पेटंट 1842 चे. कोळीवाड्यांतली क्लॅरिनेट आली ती बँडमधून. म्हणजे आमची परंपरा ही धरमतरचा धक्काच. जी आगबोट येईल तिच्यातून काही ना काही उतरायचेच.

आणि कोळीगीतांचे काय? 1970 च्या आगेमागे 'मी डोलकर' घरोघरी पोहोचले. लिहिणाऱ्या शांता शेळके इंदापूरच्या, म्हणजे समुद्रापासून पुष्कळ दूरच्या. मुंबईत रुईया महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या, माझ्याच व्यवसायातल्या. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गाणारे हेमंतकुमार बंगाली, आणि सोबत लताबाई. यांच्यापैकी कुणीही डोल लावायला खाडीत उतरले नव्हते. डोल म्हणजे खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीच्या धारेवर ते फुगते आणि बोंबील, जवळा आत येतो. ते लावणारा तो डोलकर. पण त्या गाण्याच्या लयीत वल्ह्याचा झोका इतका नेमका उतरला आहे की कोळीवाड्यांनी ते आपले मानले आणि ते लग्नांतून वाजू लागले. पुढे 1990 नंतरच्या दशकात वेसाव्याच्या कोळ्यांनीच 'वेसावकर आणि मंडळी' या नावाने आपली गाणी आपल्या बोलीत, नव्या वाद्यांवर कॅसेटांतून आणली, आणि तीही महाराष्ट्रभर नाचली. जे बाहेरच्यांनी आपलेपणाने केले, ते घरच्यांनी केले म्हणून मी का रागवावे?

मी हरलो. पण खरी अडचण मी काढलेली नव्हतीच. ती वैशाखात, हळदीच्या रात्री निघाली. मावशी गायली, यंत्राने टिपले. मागे जनरेटरचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणाचे तरी मूल रडलेले, सगळे त्यात आले. भाचा त्यावर ताल बसवायला गेला तो बसेना. मावशीची ओळ यंत्राच्या ठोक्याने चालत नाही. पाच बायका हळद लावीत असतात. त्यांचे हात थांबेपर्यंत ओळ लांबते, पुन्हा पुन्हा येते. मी काट मारली होती त्या तीन ओळी म्हणजे तीन बायकांचे हात होते!

भाच्याने आठवडाभर डोके फोडले. शेवटी मावशीच्या आवाजाखालचा ताल त्याने काढून टाकला आणि नुसता एक स्वर धरून ठेवला. दोन धवल्यांच्या मध्ये, जिथे पोरे नाचतात तिथे, बेंजो आणि ऑक्टोपॅड मोकळे सोडले. जनरेटर आणि रडणारे मूल तसेच राहू दिले. सहा गाणी झाली. मावशीला ऐकविली. ती म्हणाली, "माजा आवाज हाय तवर गप र्‍हातं, मंग वाजतं. शाना हाय यो डबा." एवढी स्तुती माझ्या वाट्याला अजून आलेली नाही.

इथे ही गोष्ट गोड शेवटाने संपवता आली असती. पण तसे झाले नाही.

अल्बम फोनमधून फोनमध्ये गेला. पुढच्या मुहूर्ताला खाडीपलीकडच्या गावात एक हळद होती. त्या घरच्या तीन पिढ्यांच्या लग्नांत मावशी गायली होती. ती संध्याकाळपासून हिरवे लुगडे नेसून ओटीवर बसली होती. सात वाजले, आठ वाजले, बोलावणे आले नाही. पलीकडून वाऱ्यावर आवाज आला. मावशीचाच. त्यांनी अल्बम लावला होता. धवलारीण आता खिशात मावत होती, मग तिला आणायला माणूस कशाला पाठवायचा?

भाचा त्या दिवशी तिथेच होता. त्याने मला हे नंतर सांगितले. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. "मामा, मी तिचं जतन करायला गेलो होतो," एवढेच म्हणाला. मी त्याला काय सांगणार? आम्ही प्राध्यापक मंडळी ओव्या छापून ग्रंथालयात ठेवतो तेव्हा दुसरे काय करतो?

मावशी मात्र कान देऊन ऐकत होती. मग एकाएकी हसू लागली. धवल्यात नवरीचे नाव घालावे लागते. आमच्या मुद्रणात नाव होते ते आमच्या भाचीचे. पलीकडच्या मांडवात हळद लागत होती एका मुलीला आणि आशीर्वाद जात होते दुसरीला, जिचे लग्न होऊन महिना झाला होता!

ते मांडवातल्या कुणाच्या ध्यानात आले नाही. नवरीच्या आजीच्या आले. तिने म्हणे हातातली हळदीची वाटी खाली ठेवली आणि सांगितले, "माजे नातीचा नाव येत नाय तवर हलद लागनार नाय." साडेआठला पुलावरून रिक्षा आली.

मावशी उठली. माहेरपणाला आलेली आमची भाची तिथेच बसली होती. मावशीने तिचा हात धरला. "चल. माजा दम पुरत नाय आता. मागून तू वड." ही मुलगी ठाण्यात एका बँकेत काम करते. तिला धवला येत नव्हता. पण स्वतःच्या लग्नाचा तो अल्बम महिनाभर लोकलमध्ये कानाला लावून ऐकल्यामुळे तिला त्याची ओळ न ओळ पाठ झाली होती.

त्या रात्री मावशीने ओळ म्हटली आणि भाचीने मागून ओढली. नाव मात्र योग्य मुलीचे घेतले.

ही हकीकत ऐकल्यावर मी भाच्याकडून ते अल्बमचे मुद्रण मागून घेतले आहे. यंदा महदंबा शिकविताना ते वर्गात लावणार आहे. 'हलद' लिहिणाऱ्या मुलांपैकी कुणी तरी मान वर करून पाहील, अशी आशा आहे. तांबडी पेन्सिल अजून टेबलावरच आहे. परीक्षेच्या पेपरांना ती लागतेच. फक्त ती उचलण्याआधी आता मी मनात विचारतो, कोनाचा लगीन हाय?