वैद्याने कारखाना काढावा काय?

दवाखान्याची पाटी उतरवून कंपनीची पाटी लावणारे तरुण डॉक्टर अलीकडे बरेच दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु वैद्याने उद्योगात उतरावे की नाही हा वाद निघाला म्हणजे मला प्रथम आठवण होते ती मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींची. संधिवाताने बोटे वाकडी झाली असताही आयुष्यभर नेत्रशस्त्रक्रिया करीत राहिलेल्या या गृहस्थांनी सरकारी चाकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976 साली, 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले.

मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या होणाऱ्या जागी कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ती लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी, वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले पर्स्पेक्सचे तुकडे डोळा निमूटपणे सोसतो हे पाहून, 1949 मध्येच सिद्ध केली होती. पण आयात भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. तेव्हा ऐपतदाराला डोळ्यात भिंग आणि गरिबाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, अशी वाटणी होऊन बसली. आजोबांच्या नाकावर तो चष्मा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की त्यातून प्रत्येक वस्तू मोठी आणि जवळ भासे, पेल्यात ओतलेले पाणी बाहेर सांडे, उंबरठ्याला ठेच लागे, बाजूने येणारी बैलगाडी एकाएकी समोर प्रकट होई; आणि चष्मा फुटला की शस्त्रक्रिया होऊनही म्हातारा पुन्हा आंधळाच.

ही वाटणी सहन न होऊन 1992 साली डॉक्टरांनी, डेव्हिड ग्रीन या अमेरिकन स्नेह्याच्या साहाय्याने, मदुराईतच ऑरोलॅब हा कारखाना उभारला, आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आली. कारखान्याची मालकी धर्मादाय न्यासाकडे राहिली. माल मात्र पुढे शंभरावर देशांत गेला. भिंगात काही खोट निघाली तर ती आधी शेजारच्या शस्त्रक्रियागृहातच उघडकीस यावयाची, आणि तक्रार करणाराही घरचाच. असा परखड गिऱ्हाईक कोणत्या व्यापाऱ्याला लाभतो? म्हणूनच उद्योगात शिरणाऱ्या डॉक्टराने बाह्यरुग्ण विभागातील आपली खुर्ची सोडू नये, असे माझे मत आहे. भांडवलदारांच्या बैठकीत रोग्याचे गाऱ्हाणे आपसूक ऐकू येत नाही.

यातली खरी अडचण निराळीच आहे. ज्याच्या लेखणीत शिफारस त्याच्याच तिजोरीत नफा, हा मामला सज्जन माणसाच्याही नीतीची कसोटी पाहणारा आहे, आणि सगळेच वेंकटस्वामी नसतात. डॉक्टर जे उपकरण सुचवितो त्याच्या कंपनीत त्याचे भागभांडवल असेल, तर ते संमतिपत्रावर, रोग्याच्या भाषेत, सहीच्या आधी लिहिलेले असावे. आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आपल्या दप्तरात अशा भागीदारीचा एक रकाना उघडून तो कोणासही पाहण्याची मुभा द्यावी. ही सूचना काही सन्मान्य डॉक्टरांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे.

— भिषग्बंधु